पन्नाशीच्या वाढदिवसातून निघालेला खेळ, आणि आमच्या गावचा कोरडा तलाव

गेली बावीस वर्षं मी एक बातमी दर उन्हाळ्यात लिहितोय. गाव बदलतं, नाव बदलतं, बातमी तीच. 'पोहण्यास गेलेल्या शाळकरी मुलाचा बुडून मृत्यू.' कधी नदीचा डोह, कधी विहीर, आता अलीकडं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. आठ-दहा ओळी. शोधकार्य, पंचनामा, नातेवाइकांचा आक्रोश, परिसरात हळहळ. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला बातमीचे सहा 'क' शिकवले होते. काय, कोण, कुठं, केव्हा, कसं आणि का. या बातमीत मी पाच लिहीत आलो. 'का' कधी लिहिलाच नाही.

'का'चं उत्तर सोपं होतं. पोराला पोहता येत नव्हतं. आणि ते लिहायला माझी जीभ रेटत नव्हती, कारण मलाही येत नव्हतं. कृष्णाकाठी जन्मलो, वाढलो, नदीच्या बातम्यांवर घर चालवलं, आणि गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलो नाही.

आज हे लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यात झालेल्या एका ट्रायथलॉन स्पर्धेत मी उतरलो. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. याला स्प्रिंट म्हणतात, म्हणजे धाकट्या अंतराची स्पर्धा. वय ४६. फोटो बघून चौकातल्या मित्रांनी विचारलं, "काय पत्रकार, म्हातारचळ लागला का राव?" एकानं विचारलं, "हे पैसेवाल्यांचे चोचले तुला कसे परवडले?" प्रश्न दोन्ही रास्त आहेत. उत्तर जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी म्हातारचळाचं बघू. या खेळाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा पहिल्याच पानावर मला एक वाढदिवस सापडला, तोही पन्नाशीचा.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरात डेव्हिड पेन नावाचे एक वकील होते. चाळिशी ओलांडलेल्यांनी मैदानावर यायचं नाही, खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या, ही रीत त्यांना मान्य नव्हती. १९६० च्या दशकात त्यांनी चाळिशीपुढच्यांसाठी वेगळ्या शर्यती सुरू करायला लावल्या, आणि १९६८ मध्ये सॅन दिएगोत अशा प्रौढांची पहिली राष्ट्रीय मैदानी स्पर्धा भरवली. आज आपल्याकडं 'मास्टर्स' म्हणून ज्या स्पर्धा होतात, त्यांची एक मुळी तिथं जाते. १९७२ मध्ये पेन पन्नास वर्षांचे झाले. त्यांनी वाढदिवसाला केक कापून माणसं परत पाठवली नाहीत, शर्यत ठेवली. आधी पळायचं, मग पोहायचं. पुढं दरवर्षी ही वाढदिवसाची शर्यत होऊ लागली.

त्या शर्यतीत भाग घेणाऱ्यांत जॅक जॉनस्टन म्हणून एक जण होता. कॉलेजात चांगला पोहणारा, नंतर पळण्याकडं वळलेला. त्याला वाटलं अशा शर्यती आणखी हव्यात आणि पोहणं जरा जास्त हवं. तो सॅन दिएगो ट्रॅक क्लबकडं गेला. तिथं कळलं की डॉन शॅनहन नावाच्या दुसऱ्या एकाच्याही डोक्यात असंच काहीतरी चाललंय, पण त्याला सायकल हवी होती. क्लबवाल्यांनी दोघांना एकत्र बसवलं. आणि २५ सप्टेंबर १९७४ ला, बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला, मिशन बे नावाच्या खाडीकाठी ४६ माणसं जमली.

तपशील बघा म्हणजे गंमत कळेल. सुमारे साडेनऊ किलोमीटर पळणं, ८ किलोमीटर सायकल, साडेचारशे मीटर पोहणं, तेही तुकड्यातुकड्यानं. त्यातलं तीन-सव्वातीन किलोमीटर पळणं अनवाणी, गवतातून आणि वाळूतून. सायकल ज्याची त्यानं आणायची. कामावरून सुटून माणसं आली होती. मागं राहिलेले पाण्यातून बाहेर पडेपर्यंत अंधार पडला, तेव्हा मोटारींचे दिवे लावून उजेड केला. बक्षिसाच्या चषकावर 'ट्रायथलॉन' हा शब्द कसा लिहायचा ते जॉनस्टनलाच सांगावं लागलं, कारण तो शब्दकोशात नव्हता. फ्रान्समध्ये १९२० च्या दशकात तीन खेळांच्या शर्यती होऊन गेल्या होत्या, पण आज जगभर जो खेळ चालतो त्याची वंशावळ या बुधवारपासून मांडतात.

आपल्याकडं कबड्डीची, कुस्तीची स्पर्धा तालमीतल्या चार पोरांनी हौसेनं भरवावी, तसा हा प्रकार होता. चोचले नंतर आले.

त्या ४६ जणांत जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे नवरा-बायको होते. जॉन अमेरिकी नौदलात अधिकारी. पुढं त्यांची बदली हवाई बेटांवर झाली. १९७७ मध्ये तिथं एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला की सगळ्यात दमदार खेळाडू कोण? पळणारा, पोहणारा का सायकलवाला? तुम्ही म्हणाल, असले वाद आमच्या पारावर रोज होतात. फरक इतकाच की कॉलिन्स दांपत्यानं तो वाद मैदानात नेला. ओआहू बेटावर आधीच तीन वेगवेगळ्या स्पर्धा होत्या, त्या त्यांनी एका दिवसात लागोपाठ जोडल्या. समुद्रात ३.८६ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. जो पहिला येईल तो 'आयर्नमॅन'.

१८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण पाण्यात उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. पहिला आला गॉर्डन हॉलर. टॅक्सी चालवून पोट भरणारा माणूस. वेळ ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद. दुसरा आलेला जॉन डनबार नौदलाच्या कमांडो दलातला. शर्यतीत त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली, ही गोष्ट आजही चवीनं सांगतात. दुसऱ्या वर्षी लिन लेमेअर ही पहिली महिला उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. १९८१ मध्ये स्पर्धा हवाईच्या मोठ्या बेटावर, कोना इथं गेली. फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस ही विद्यार्थिनी शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असताना रेषेच्या अगदी जवळ कोसळली. तिच्या बाजूनं दुसरी पुढं निघून गेली. ज्युली उठली, पडली, आणि रांगत रांगत रेषेला हात लावला. टीव्हीवर ते लाखोंनी बघितलं. जिंकलेलीपेक्षा रांगणारी लोकांच्या लक्षात राहिली, आणि खेळ घराघरांत गेला. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्याँला आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, २००० साली सिडनीत ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन आलं. तिथलं अंतर दीड, ४० आणि १० किलोमीटर.

आता माझ्या कामाचा भाग. या खेळात वयाचे गट असतात, पाच-पाच वर्षांचे. ४५ ते ४९ चा माझा गट. म्हणजे मी पंचविशीच्या पोराशी भांडत नाही, माझ्यासारख्याच केस पिकलेल्यांशी भांडतो. आणि वर किती वयापर्यंत गट आहेत? जेवढी माणसं येतील तेवढे. मॅडोना ब्युडर ही अमेरिकेतली कॅथलिक जोगीण. १९३० चा जन्म. पळायला लागली ४८ व्या वर्षी, पहिली ट्रायथलॉन ५२ व्या वर्षी, पूर्ण आयर्नमॅन ५५ व्या वर्षी. ती म्हातारी होत गेली तसतसे तिच्यासाठी नवे गट उघडावे लागले. २०१२ मध्ये ८२ व्या वर्षी तिनं कॅनडातली पूर्ण आयर्नमॅन संपवली.

पण माझा माणूस वेगळा आहे. जपानचे हिरोमु इनादा. धंद्यानं आमच्या जातकुळीचे, एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेत बातमीदार. साठाव्या वर्षी आजारी बायकोची सेवा करायला निवृत्त झाले. त्याच काळात पोहायला लागले. सत्तराव्या वर्षी पहिली ट्रायथलॉन. २०१५ मध्ये कोनाला शेवटच्या रेषेपाशी कोसळले आणि १७ तासांची मुदत काही सेकंदांनी हुकली. अवघ्या काही सेकंदांनी! दुसऱ्या वर्षी परत गेले आणि पूर्ण केली. २०१८ मध्ये ८५ व्या वर्षी पुन्हा पूर्ण केली, १६ तास ५३ मिनिटांत. आणि आत्ता २०२५ मध्ये नताली ग्रॅबो ही ८० वर्षांची आजी कोना पूर्ण करणारी सगळ्यात वयस्कर महिला ठरली. तिनं पोहायला शिकायला सुरुवात केली होती ५९ व्या वर्षी.

५९ व्या वर्षी. हे वाचलं तेव्हा मी ४४ चा होतो आणि काठावर उभा होतो.

तीन वर्षांपूर्वी एका निवडणुकीच्या धावपळीत मला चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, साखर बघितली, आणि वडिलांचं विचारलं. वडील ५४ व्या वर्षी गेले, हृदयविकारानं. डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडं दहा वर्षं आहेत असं समजून वागा, म्हणजे तीस मिळतील." मी गोळ्या सुरू केल्या आणि चालायला लागलो. चालण्याचं पळणं झालं, पळण्यानं गुडघा दुखला. मग सायकल काढली. वडील साखर कारखान्यात होते, रोज नऊ किलोमीटर जाऊन येऊन सायकलवर. त्यांची काळी सायकल भंगारात गेली होती, म्हणून मी सेकंडहँड गिअरची घेतली, साडेआठ हजारांत. तीन खेळ आलटून पालटून केले की एकाच सांध्यावर भार पडत नाही, म्हणून मध्यमवयीन माणसाला हा खेळ मानवतो, हे मला नंतर वाचून कळलं. तेव्हा फक्त गुडघा वाचवत होतो. दोन झाले, तिसरं राहिलं. पाणी.

आणि इथं आमच्या गावची गोष्ट सुरू होते.

आमच्या गावात पालिकेचा पोहण्याचा तलाव आहे. आहे म्हणजे खड्डा आहे. २५ मीटरचा. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात तिथं रांगा लागायच्या. मग गाळणी यंत्र बंद पडलं. मग २०१९ चा पूर आला आणि तलावात गाळ भरला. मग कोरोना आला. आता तळात एरंडाची झाडं माणसाच्या उंचीची झालीत आणि पायऱ्यांवर संध्याकाळी बाटल्या फुटतात. मी माहिती अधिकारात विचारलं तेव्हा एका ओळीचं उत्तर आलं की दुरुस्तीचा प्रस्ताव विचाराधीन आहे. किती वर्षं विचार चाललाय, हा दुसरा अर्ज मी अजून टाकलेला नाही. टाकणार आहे.

नदीचं म्हणाल तर आमच्या आधीच्या पिढीला तलाव लागलाच नाही. उन्हाळ्यात सगळं गाव घाटावर. सांगलीत तर पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून उड्या टाकणारी पोरं प्रसिद्धच. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, बॉक्सिंग सुटलं, पोहण्याकडं वळले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये ५० मीटरमध्ये सुवर्णपदक घेतलं. विक्रमासह. असा हा पाण्याचा मुलूख. पण आमच्या वेळेपर्यंत नदीत मळी यायला लागली, वाळू उपसून डोह खोल आणि फसवे झाले, आयांनी पोरांना नदीवर सोडायचं बंद केलं. बरोबरच केलं. फक्त नदी बंद केली तेव्हा दुसरं काही उघडलं नाही. शिकायची जागा गेली, पाणी मात्र आहे तिथंच राहिलं.

ते किती राहिलंय, हे ऑगस्ट २०१९ नं दाखवलं. सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-लेकरं बुडाली. त्या दिवशी मी पाण्यापासून थोड्या अंतरावर फोनवर बातमी देत होतो. पोहता येणारी पोरं जिवावर उदार होऊन पाण्यात घुसत होती. मी काठावर उभा राहून 'शोधकार्य सुरू' असं सांगत होतो. पुराच्या त्या ओढीत चांगला पोहणाराही टिकेलच असं नाही, हे मला माहीत आहे. तिथं लाइफ जॅकेट हवीत, मोठ्या बोटी हव्यात, वेळेत सूचना हवी. तरीही काठावरचा तो मी माझ्या डोक्यातून जात नाही.

तर, ४४ व्या वर्षी मी आमच्या मळ्याशेजारच्या अण्णांकडं गेलो. वय ७६ तेव्हा. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी त्यांच्या विहिरीत पोहायला शिकवलंय. म्हणालो, "अण्णा, मला शिकवाल का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला? अरं, तुझ्या पोरीला घिऊन ये म्हणलं तवा आला न्हाईस." खरं होतं. पोरीला मीच नको म्हणालो होतो. भीतीनं.

दुसऱ्या दिवशी पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा माझ्या कमरेला बांधला. पूर्वी भोपळा असायचा. दुसऱ्या बाजूनं कासरा, त्याचं टोक अण्णांच्या हातात. पायऱ्यांवर पोरं बसलेली, दहा-बारा वर्षांची, सगळी मुटके मारणारी. पत्रकार बुडताना बघायला आलेली. मी पंधरा मिनिटं शेवटच्या पायरीवर कंबरभर पाण्यात कुडकुडत उभा. अण्णा वरून म्हणाले, "पाण्याशी भांडू नगस. अंग सोड. ते उचलतंय." मी अंग सोडलं नाही, घाबरून पाय घसरला. नाकातोंडात पाणी, आणि मग डब्यानं वर आणलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

डबा सुटायला दोन महिने लागले. तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला आणखी तीन. तंत्र मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकलो, पण भीती कासऱ्यानं गेली. पुढं शनिवारी एसटीनं जिल्ह्याच्या गावी जाऊन तलावात सराव केला. विहिरीत फेऱ्या मोजता येत नाहीत, माणूस गोल गोल फिरतो.

स्पर्धेचं फार सांगत नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण हे वाचून उद्या कुणी चाळिशीतला गडी थेट तळ्यात उडी टाकेल. १९७४ ला पहिल्या स्पर्धेत पळणं आधी होतं. आता पोहणं आधी असतं, कारण दमलेला माणूस पाण्यात घालायचा नाही. तरीसुद्धा धोका तिथंच आहे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झालाय. एकूण १३५ घटना, त्यांतल्या ९० पोहताना. १३५ पैकी ८५ टक्के पुरुष. सरासरी वय ४७ च्या आसपास. म्हणजे मीच की! प्रमाण लाखात दोनाहून कमी आहे, घाबरून घरी बसायचं कारण नाही, पण पुरुष आणि चाळिशीपुढचा असाल तर आधी डॉक्टरकडं जा. मी ईसीजी, इको, स्ट्रेस टेस्ट सगळं करून, डॉक्टरांचा होकार घेऊन उतरलो. बायकोनं घातलेली अट होती ती. "अहो, पळा, पोहा, काय वाट्टेल ते करा. कागद दाखवा आधी."

पहाटे तळ्याकाठी दीड-दोनशे लोक. पाण्यात उतरल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये कुणाची लाथ गॉगलला बसली, छाती भरून आली, विहीर आठवली. पाठीवर झालो, आकाश बघितलं, अंग सोडलं. बचावाच्या बोटीतल्या पोरानं हाक मारली, "काका, येताय का वर?" मी हातानंच नको म्हटलं. २९ मिनिटांत ७५० मीटर. बाहेर येऊन हेल्मेटचा बंद लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, असा नियम आहे. थरथरत्या हातानं तो बंद लागता लागेना. सायकल ५८ मिनिटं. सायकलवरून उतरून पळायला लागलं की पाय आपले राहत नाहीत, लाकडाचे होतात, हे ऐकून होतो, ते अनुभवलं. पळणं ४१ मिनिटं. सगळं मिळून २ तास १४ मिनिटं. गटात शेवटून तिसरा. माझी पोरगी रेषेपाशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आता मी." मेडलपेक्षा ते महत्त्वाचं.

आता चोचल्यांचा प्रश्न. खरं आहे ते. आपल्याकडं या खेळाची हवा मिलिंद सोमण यांनी केली. शिवाजी पार्कचे, एकेकाळचे राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू, पन्नाशीच्या तोंडावर जुलै २०१५ मध्ये झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केली, १५ तास १९ मिनिटांत. त्याच वर्षी नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली. पुण्यात डॉ. कौस्तुभ राडकर यांच्यासारखे शिकवणारे तयार झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन आली. मग डॉक्टर, इंजिनिअर, बिल्डर, पोलीस अधिकारी सगळे यात आले. लाखांच्या सायकली, हजारांची फी. त्यांचं मला कौतुकच आहे, कष्ट त्यांनाही चुकत नाहीत. पण ज्याच्या सोसायटीत तलाव आहे आणि ज्याच्या गावात एरंड उगवलेला खड्डा आहे, या दोघांची शर्यत एका रेषेवरून सुटत नाही.

मिशन बेला ४६ जण जमले, कारण तिथं क्लब होता, पोहता येईल असं पाणी होतं आणि संध्याकाळी सायकल चालवता येईल असा रस्ता होता. पन्नाशीच्या वकिलाच्या हौसेला गावानं जागा दिली म्हणून खेळ उभा राहिला. आमच्याकडं हौसेची कमी नाही. सकाळी बायपासला बघा, किती माणसं चालतात. बायका पदर खोचून चालतात, शेजारून दोन-दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर जातो, मागं लाल रिफ्लेक्टरसुद्धा नाही. त्यातल्या किती जणींना पोहायचंय, हे कुणी विचारलंय का? माझ्या बायकोला शिकायचंय. अण्णांच्या विहिरीत पायऱ्यांवर पोरं बसलेली असताना ती कशी उतरणार?

म्हणून माझ्या तीन मागण्या. पालिकेतली मित्रमंडळी हे वाचतात, मला माहीत आहे, लाइक करत नाहीत एवढंच.

एक, येत्या उन्हाळ्याआधी तलावातला गाळ काढून गाळणी यंत्र सुरू करा. अंदाजपत्रकात जो खर्च दाखवलाय तो स्वागत कमानीच्या खर्चापेक्षा कमी आहे, दोन्ही कागद माझ्याकडं आहेत.

दोन, बायकांसाठी रोज एक वेळ राखून ठेवा आणि शिकवायला बाई ठेवा.

तीन, पाचवीच्या प्रत्येक मुला-मुलीला, पालिकेच्या शाळेतल्या आधी, पोहायला शिकवा. नदीकाठच्या गावात याला खेळ म्हणा, छंद म्हणा, माझ्या लेखी ती लसच आहे.

आणि माझी चूकही इथंच लिहून ठेवतो. तलाव बंद पडला त्या वर्षी मी त्याची बातमी केली नाही. पालिकेच्या जाहिराती होत्या, आणि मला वाटलं, पोहण्याचं काय एवढं. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत मी 'बुडून मृत्यू'च्या ज्या बातम्या दिल्या, त्या पोरांची नावं माझ्या जुन्या वह्यांत आहेत. परवा काढून बसलो होतो. त्यातला एक माझ्या पोरीच्या वर्गातला होता.

तलाव होईल तेव्हा होईल. तोवर दर रविवारी सकाळी सात वाजता अण्णांची विहीर. अण्णा आता ७८ चे आहेत, पण कासरा अजून तेच धरतात. त्यांच्याबरोबर पोहणारे आम्ही चौघं असतो, एका वेळी दोनच पोरं पाण्यात. डबे सहा आहेत. फी नाही. एक रविवार फक्त मुली आणि बायकांसाठी ठेवायचं अण्णांच्या सूनबाईंनी कबूल केलंय, त्या स्वतः पट्टीच्या पोहणाऱ्या आहेत. पोरांना नाश्ता न देता आणा, टॉवेल आणा, आणि आईबापांपैकी एकानं थांबायचं. थांबलेल्या बापांसाठीही डबा आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात मला ती बातमी लिहायची नाही.